एका पिंजऱ्यात एक

बाबांची निम्मी अन्ननलिका काढून टाकली आणि पोट वर ओढून उरलेल्या भागाला जोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. गाठ पूर्ण निघाली, टाके भरून आले, बाबा घरी आले. फक्त त्यांना भूक लागेनाशी झाली.

का लागत नाही, हे डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला सांगायची गरज नव्हती. तिचं सारं संशोधन त्याच एका मज्जातंतूवर चाललं होतं. व्हेगस मेंदूच्या बुडापासून निघतो, मानेतून छातीत येतो, अन्ननलिकेला बिलगून पोटात उतरतो आणि तिथे त्याला फाटे फुटतात. पोट किती ताणलं, आतड्यात काय उतरलं, ही खबर तो वर पोचवतो. पोटाने कधी घुसळावं, कधी पुढे ढकलावं, हा निरोप खाली आणतो. बाबांसारखी शस्त्रक्रिया करायची, तर अन्ननलिकेला बिलगलेला हा तंतू सहसा वाचत नाही. बाबांचाही वाचला नव्हता.

"म्हणजे माझ्या पोटाचा फोन कापलाय म्हण की," बाबा म्हणाले. त्यांनी जन्मभर टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबली जोडल्या होत्या.

"साधारण तसंच."

"डॉक्टरांनी खोदलं आणि केबल तुटली. नेहमीचंच आहे. पण आमच्यात खोदणारे वेगळे आणि जोडणारे वेगळे असायचे. इथे जोडणारा कोण?"

"हा जोडता येत नाही, बाबा."

"मग खोदलं कशाला?" असं म्हणून ते स्वतःच हसले आणि त्यांनी टाक्यांवर हात धरला.

घरी सोडताना डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं, की भुकेची वाट बघू नका, घड्याळ बघून खा. थोडं थोडं आणि बऱ्याचदा. पुढच्या तपासणीपर्यंत वजन आणखी उतरलं, तर पोटाला छेद देऊन आतड्यात नळी घालावी लागेल आणि तिच्यातून पातळ अन्न सोडावं लागेल. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तशी नळी होती. बाबांनी ती रोज पाहिली होती. घरी येताना गाडीत त्यांनी मुलीचा हात धरला.

"नकटे, काय वाटेल ते कर, पण ती नळी नको. मी काय टाकी आहे, पाइप लावून भरायला?"

चाळिशी उलटलेल्या बाईला नकटे म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं. आई गेल्यावर ती आपलं भाड्याचं घर सोडून बाबांकडे राहायला आली होती. दादा दुसऱ्या शहरात होता आणि फोनवर असायचा.

"नाही घालू देणार," ती म्हणाली.

तिला जी शिस्त येत होती ती तिने घरात आणली. संस्थेच्या प्राणिगृहात तिचे उंदीर एका पिंजऱ्यात एक असे राहत. काहींच्या व्हेगसचे ठरावीक फाटे कापलेले असत. हे उंदीर एकदा खायला बसले की उठत नसत. थांब म्हणणारी खबर वर पोचतच नसे. काहींचा पोटाकडे जाणारा सगळाच तंतू कापलेला असे. ते सुरुवातीला खाद्याला तोंड लावत नसत, लावलं तरी पोट पुढे ढकलत नसे, आणि त्यांना पातळ खाद्यावर जगवावं लागे. कोणी किती खाल्लं हे नेमकं कळायला हवं, म्हणून खाद्य वजन करून ठेवायचं, उरलेलं वजन करायचं, आणि पिंजऱ्याखालच्या कागदावर सांडलेला चुरासुद्धा चिमट्याने गोळा करून हिशेबात धरायचा. खोलीत आवाज नको, अनोळखी वास नको, उगाच ये-जा नको.

घरी तिने जेवणाचं टेबल भिंतीकडे सरकवलं. जेवताना टीव्ही बंद, रेडिओ बंद. शेजारच्या काकू वेळी-अवेळी डोकवायच्या, त्यांना तिने गोड बोलून जेवणाच्या वेळा टाळायला सांगितल्या. सूप, कुस्करलेला बटाटा, मऊ भात, अंडं, दही, सगळं छोट्या वाट्यांत. प्रत्येक वाटी आधी वजनकाट्यावर, मग बाबांसमोर, मग पुन्हा काट्यावर. ती समोर बसायची. स्वतः मात्र जेवायची नाही. आपल्या घाईने त्यांनी घाई करू नये, आपल्या ताटाच्या वासाने त्यांना मळमळू नये, म्हणून ती आपलं आधीच उरकायची, ओट्याशी उभी राहून.

पहिले काही दिवस बाबांनी आज्ञाधारकपणे खाल्लं.

"झालं?" ते विचारायचे.

"अजून अर्धी वाटी आहे."

"मला काय सांगतेस, पोटाला सांग. अरे हो, त्याचा फोन बंद आहे."

मग गमती कमी झाल्या. घास तोंडात फिरत राहायचा. बाबा भिंतीकडे बघायचे आणि ती बाबांच्या गळ्याकडे बघायची, घास उतरतो की नाही ते. वाट्या जड परत येऊ लागल्या. बाबांच्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली, घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकू लागलं.

दुपारच्या दोन वेळा ती कामावर असायची. तेव्हाचं सगळं डब्यात भरून, वर वेळ लिहून, ती टेबलावर ठेवून जायची. हा डबा संध्याकाळी जवळजवळ तसाच असायचा.

"काय चाललंय तुझं?" दादा फोनवर म्हणाला. "परवा व्हिडिओवर बघितलं. नुसता सापळा झालाय. अख्खं आयुष्य उंदरांना खायला घालण्यात घालवलंस आणि घरातल्या एका माणसाला तुला भरवता येत नाही?"

"मी त्यांना खायला घालत नाही, दादा. ते किती खातात ते बघते."

"तेच म्हणतोय मी."

"तू ये ना मग आठवडाभर."

"मला रजा मिळाली असती तर आलोच असतो. हे बघ, उगीच हट्ट करू नकोस. नळी घालायची तर घाल बाई. माणूस जगला पाहिजे."

तिने फोन ठेवला. बाबा आतल्या खोलीत होते आणि दार उघडं होतं. रात्रीच्या वाटीतला बटाटा त्यांनी त्या दिवशी सगळा संपवला आणि थोड्या वेळाने सगळा उलटून टाकला. ती पाठीवर हात फिरवत उभी राहिली. "भावाला सांग, खाल्लं म्हणून," बाबा श्वास घेत म्हणाले.

त्यानंतरच्या आठवड्यात दुपारचा डबा रिकामा यायला लागला.

एकदा नव्हे, रोज. घासून धुतलेला, पालथा घातलेला. तिला आनंद व्हायला हवा होता. पण संध्याकाळी तिच्यासमोर दोन चमचे सूप जेमतेम उतरवणारा माणूस दुपारी अख्खा डबा संपवतो, हे तिच्या हिशेबात बसेना. उंदीरही असं करतात. गोळी कुरतडून कुरतडून चुरा करतात आणि खाली पाडतात. वरून बघणाऱ्याला वाटतं, वा, केवढं खाल्लं. म्हणून तर खालचा कागद तपासायचा असतो.

बाबा झोपायला गेल्यावर तिने ओट्याखालचा कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, औषधांची पाकिटं. भाताचं शीतही नव्हतं. मग तिने मोरीची जाळी काढून पाहिली. बाल्कनीतल्या कुंड्या पाहिल्या. एका कुंडीतली माती बोटांनी उकरताना मागून आवाज आला.

"काय पुरलंय तिथे?"

बाबा दारात उभे होते.

"दुपारचं कुठे टाकता तुम्ही, बाबा?"

"टाकतो?"

"मला खरं सांगा. मी रागावणार नाही. पण किती पोटात जातं ते मला कळलंच पाहिजे, नाहीतर..."

"मी अन्न टाकतो?" बाबांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "पावसाळ्यात खड्ड्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून तुमच्यासाठी भाकरी आणली मी. मी टाकीन अन्न?"

"मग सांगा ना."

ते आत गेले. दुसऱ्या दिवशीही डबा रिकामाच आला, आणि बाबा तिच्याशी कामापुरतंच बोलले. घरात दोनच माणसं असली आणि त्यातलं एक बोलेनासं झालं, की फ्रिजचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. ती टेबलाशी बसून तो ऐकत राहिली.

त्याच आठवड्यात प्राणिगृहाची पाहणी होती. प्राण्यांचे हाल तर होत नाहीत ना, हे बघायला दरवर्षी समिती यायची. या वेळी समितीत एक वयस्कर पशुवैद्य होते. मागे हात बांधून ते पिंजऱ्यांच्या रांगेतून चालत गेले आणि एका पिंजऱ्यापाशी वाकले. आतला पांढरा उंदीर कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसला होता.

"हे सगळे एकेकटे का?" त्यांनी विचारलं. "कळपात राहणारा प्राणी आहे हा. एकटा ठेवायचा तर कारण द्यावं लागतं."

हे कारण ती वर्षानुवर्षं देत आली होती. "आम्हाला व्हेगसचा परिणाम वेगळा काढून बघायचा असतो. सोबत असली की खाणं बदलतं. दुसरा खायला लागला की हाही खातो. दुसऱ्याच्या तोंडाला खाद्याचा वास आला, तर नको असलेलं खाद्यसुद्धा खातो. म्हणून सोबत काढून टाकावी लागते. नाहीतर तंतू कापलेला प्राणीही..."

तिचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"प्राणीही?" पशुवैद्यांनी मान वर केली.

"अपेक्षेपेक्षा जास्त खाऊ शकतो," ती म्हणाली.

"बरोबर आहे," असं म्हणून ते पुढच्या रांगेकडे वळले. बाकीची समिती त्यांच्यामागे गेली. ती मात्र त्या पिंजऱ्यापाशी उभी राहिली. टेबल भिंतीकडे सरकवताना आपण नेमकं काय काढून टाकत होतो, ते तिला आत्ता दिसत होतं. कोणी शिकवायला नको होतं. शिकवणारी तीच होती.

समिती गेल्यावर तिने हातमोजे काढले आणि दुपारीच घरी निघाली.

त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर सोफे दुरुस्त करणाऱ्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात उसवलेल्या खुर्च्या, फोमचे थर आणि सरसाचा उग्र वास. मालक आणि त्यांचा मेव्हणा असे दोघंच काम करायचे. तोंडात खिळे धरून एकेक काढून ठोकायची त्यांची पद्धत होती, त्यामुळे कामाच्या वेळी दोघंही मुके. शस्त्रक्रियेनंतर ती धूळ बाबांच्या छातीत जाऊ नये, म्हणून तिने त्यांना तिथे फिरकायची बंदी घातली होती.

शटर अर्धं खाली होतं. आतून ठोकण्याचा आवाज नव्हता. जिन्याकडे वळता वळता तिला बाबांचं हसणं ऐकू आलं.

ती वाकून बघत नव्हती. पायरीवरून आतलं दिसतच होतं. तिघं एका स्प्रिंगा निघालेल्या सोफ्याच्या सांगाड्याभोवती बसले होते. मधल्या फळीवर तिघांचे डबे. त्यातला एक तिने सकाळी भरलेला होता.

"काका, घास चावा हो. पळून नाही जात तो," मेव्हणा म्हणत होता.

"तू तुझं बघ. तुझ्या डब्यात आज काय, मीठच मीठ?"

"बहिणीने केलंय. मालकांशी भांडली की आमच्या डब्यात मीठ पडतं."

"माझ्याशी कशाला भांडेल ती?" मालक म्हणाले. "तुला जन्मभर पोसतोय म्हणून भांडते."

बाबा हसले, आणि हसता हसता त्यांनी चमचा तोंडात घातला. दोघांच्या बोलण्याकडे लक्ष देत चावला, गिळला, पुन्हा चमचा भरला. गळ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, त्यांचं स्वतःचंसुद्धा.

"वर सांगितलंत की नाही, काका, इथे येता म्हणून?"

"नाही बाबा. ओरडेल. धूळ आहे ना इथे."

"कधीतरी कळेलच की."

"कळेल तेव्हा कळेल." बाबांनी वाटीच्या कडा पुसल्या. "फार करते रे ती. एवढं कोणी करणार नाही. पण समोर बसली ना, की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं. ती जेवत नाही, ती बघते. आमच्या खड्ड्यावर असं कोणी बघत बसलं असतं तर साहेब समजून आम्ही हात धुऊन उठलो असतो."

मेव्हण्याला ती दिसली. तो चटकन उभा राहिला. "ताई! या ना, आत या."

बाबांनी डब्यावर झाकण ठेवलं. ते करताना त्यांचा चेहरा चोरून सिनेमाला गेलेल्या पोरासारखा झाला होता, आणि तिला तो चेहरा सहन होईना.

"असू दे, बाबा. जेवा तुम्ही."

"धूळ उडायला लागली की मी बाहेर बसतो," बाबा म्हणाले.

"काही नाही होत. जेवा."

मालकांनी एक स्टूल पुसून पुढे केलं. ती बसली. मेव्हण्याने आपल्या डब्याचं झाकण उलटं करून त्यात थोडं वाढून तिच्यापुढे धरलं. "खारट आहे, पण खा."

"मला भूक नाहीये," ती सवयीने म्हणाली.

बाबांनी झाकण काढलं, चमचा भरला. भरलेला चमचा वाटीवर थांबला. तिने नजर दुसरीकडे वळवली, फोमच्या गठ्ठ्याकडे, भिंतीवरच्या कात्र्यांकडे. तरी चमचा हलला नाही. मालकांनी उगाच एक खिळा उचलून बघितला.

"मी वर जाते," ती उठली. "कपडे वाळत घालायचेत."

पहिल्या वळणावर पोचेपर्यंत खालून मेव्हण्याचं काहीतरी बोलणं आणि मग वाटीवर चमचा घासल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी तिने टेबल भिंतीपासून पुन्हा मधे ओढलं. काटा कपाटात ठेवला. रेडिओ लावला. दोन ताटं घेतली आणि बाबांच्या समोर नव्हे, शेजारी बसली.

"आज काय, पाहुणे?" बाबा म्हणाले. कुंडीच्या प्रसंगानंतरचा त्यांचा तो पहिला विनोद होता.

"मीही जेवते म्हटलं."

"बस, बस."

ती जेवू लागली. काहीतरी बोलावं म्हणून समितीबद्दल बोलली. बाबा हं म्हणाले. त्यांनी तीन-चार घास घेतले, आणि ते तीन की चार हे तिला ठाऊक होतं. न बघताही कळत होतं. पहिला घास लवकर उतरला, दुसरा अडला, तिसऱ्यानंतर त्यांनी पाणी घेतलं. इतक्या वर्षांची नजर एकाच संध्याकाळी कशी मिटणार? आणि बाबांनाही ते कळत असावं, कारण चौथ्या घासानंतर त्यांनी चमचा अलगद ठेवला.

"चांगलं झालंय," ते म्हणाले.

"पण जात नाही."

"जात नाही."

तिने असंच दुसऱ्या दिवशी केलं, तिसऱ्या दिवशीही केलं. जरा बरं होतं, पण डब्यासारखं नव्हतं. ती जितकं सहज वागायला जाई, तितके बाबा तिला बरं वाटावं म्हणून खात, आणि तसं खाल्लेलं त्यांच्या पोटात राहत नसे.

तपासणी जवळ आली होती. चौथ्या दिवशी बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "ते दोघं हल्ली संध्याकाळी उशिरापर्यंत थांबतात. मोठी ऑर्डर आहे. काहीतरी खातात मधे."

ती पुढचं ऐकायला थांबली. एवढा मोठा माणूस, आणि परवानगी मागत होता.

खाली गेले तर खातील. वर थांबले तर माझ्याजवळ असतील. तिने हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. दिवसभर ती पिंजऱ्यांशी असायची आणि संध्याकाळचा हा एवढाच वेळ तिच्याशी कोणी माणूस बोलायचं. पण उत्तर काय द्यायचं हा प्रश्नच नव्हता.

"सूप थर्मासमध्ये देते," ती म्हणाली. "तिथे गार होईल नाहीतर."

"तू पण चल की," बाबा म्हणाले. ते मनापासूनच म्हणाले, आणि तिने नाही म्हटल्यावर त्यांचे खांदे जरासे सैल झाले, तेही मनापासून.

तपासणीच्या दिवशी बाबा वजनकाट्यावर श्वास रोखून उभे राहिले.

"श्वास सोडा, त्याने वजन वाढत नाही," डॉक्टर म्हणाले. काटा स्थिरावला. वजन उतरलं नव्हतं. किंचित चढलंच होतं. डॉक्टरांनी आधीचे आकडे पाहिले, पोट चाचपलं आणि खुर्चीत मागे टेकले.

"नळीचं नाव आता काढायला नको. असंच चालू ठेवा." मग ते तिच्याकडे वळले. "छान काळजी घेतलीत. अशा रुग्णांना जेवायला बसवणं फार अवघड असतं. काय केलंत?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं.

"मी उठून गेले," ती म्हणाली.

डॉक्टरांना तो विनय वाटला असावा. ते हसले आणि पुढची तारीख लिहून दिली.

त्या दिवशी बाबा खाली गेले ते जवळजवळ धावतच. थर्मास, डबा आणि बातमी घेऊन. थोड्या वेळात खालून मालकांचा आवाज आला, मग मेव्हण्याची शिट्टी, मग तिघांचं हसणं, आणि पुन्हा ठोकाठोक. तिने दादाला फोन करून सांगितलं. "बघ, मी म्हणत होतो ना, होईल सगळं ठीक," दादा म्हणाला. त्याच्याकडे पाहुणे आले होते, त्याने लवकर ठेवला.

तिने एका ताटात वाढून घेतलं आणि ओट्याशी उभी राहिली. मग ताट उचलून टेबलाशी नेलं आणि खुर्ची ओढून बसली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पोटात कळ येत होती. तिचा तंतू शाबूत होता, खबर चोख वर पोचत होती. तरी हात ताटाकडे जाईना. तिने ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं.

बऱ्याच वेळाने बाबा जिना चढून आले. दमले होते, पण चेहऱ्यावर तेज होतं. रिकामा थर्मास त्यांनी तिच्या हातात दिला, शर्टावर चिकटलेला फोमचा कण झटकला.

"मेव्हण्याने आज अंडं दिलं स्वतःच्या डब्यातलं. अख्खं खाल्लं मी."

"राहिलं पोटात?"

"राहिलं." ते चपला काढता काढता थांबले. "तू जेवलीस का?"

"हो."

"बरं केलंस," असं म्हणून ते आत जाऊन आडवे झाले, आणि त्यांचा श्वास एका लयीत लागेपर्यंत ती थर्मास धूत राहिली.